जमिनीवरचं धाकटीचं

आधीच सांगते, मी माझ्या धाकट्या जावेवर जळते. पूर्वीपेक्षा कमी, पण जळते. तेव्हा तिच्याबद्दल मी जे वाईट सांगेन त्यातलं निम्मं सोडून द्या. चांगलं सांगेन ते मात्र खरं धरा, कारण ते माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही.

आमचा गाळा मंडईच्या तिसऱ्या रांगेत, नळाच्या शेजारी. वर पत्रा, खाली सिमेंटचा लांब ओटा, मागे गोण्या ठेवायला हातभर जागा. सासरे त्या ओट्यावर चाळीस वर्षं बसले. त्यांना उंदरांची भीती नव्हती, मंडईच्या मुकादमाची नव्हती. भीती एकाच गोष्टीची, दोन सुना एका तराजूवर बसण्याची. धाकट्या दिराचं लग्न झालं आणि आठवड्याभरात त्यांनी सुतार बोलावून ओट्याच्या बरोबर मध्ये एक उभी फळी ठोकून घेतली. मग आम्हा दोघींना समोर उभं केलं.

"जमिनीखालचं थोरलीचं, जमिनीवरचं धाकटीचं," ते म्हणाले. "आणि मुळ्याला वर पाला असतो, मग तो कुणाचा, असलं मला काही विचारायचं नाही. मुळा थोरलीचा. विषय संपला."

अशा रीतीने बटाटे, कांदे, रताळी, गाजरं, बीट, सुरण, मुळा आणि सलगम माझ्याकडे आले. पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, वांगी, भेंडी, दुधी, काकडी, मटार, मक्याची कणसं, लाल भोपळा, सगळं तिच्याकडे गेलं. ऐकायला तिचं ताट भरलेलं वाटतं, पण मला त्या दिवशी इतका आनंद झाला की तो लपवायला मी मुद्दाम कपाळाला आठ्या घातल्या. बटाटा घेत नाही असं एक घर मला दाखवा. शिवाय माझा माल आज नाही खपला तर उद्या खपतो, उद्या नाही तर परवा. तिचा माल संध्याकाळपर्यंत माना टाकतो. मी मनात म्हटलं, ही बया महिनाभर टिकली तरी खूप झालं.

ती टिकली. तिच्यातली मला न आवडणारी पहिली गोष्ट हीच.

दिसायला काही विशेष नव्हतं. काटकुळी, उंच, बोटं मात्र लांबसडक. तिचे वडील शाळेत शिपाई होते, त्यामुळे शिक्षण दहावीपर्यंत आणि अक्षर असं की बघत राहावं. मी चौथीत शाळा सोडली, माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. पहाटे माल उतरला की ती बादलीत जुड्या बुडवायची, झटकायची, आणि पाल्याचे शेंडे वर करून एका ओळीत उभ्या करायची. पिवळी पानं काढून वेगळ्या खोक्यात टाकायची. ते खोकं न्यायला पुलाखाली ससे पाळणारी एक म्हातारी यायची. त्या म्हातारीशी धाकटी जेवढं बोलायची तेवढं माझ्याशी वर्षात बोलली नसेल. अर्थात मीही कधी विचारलं नाही म्हणा.

आणि ओरडायची नाही! मंडईत बसायचं आणि ओरडायचं नाही, हे मला कधी समजलंच नाही. मी एकदा "बटाटाऽऽय" म्हणून आवाज लावला की पहिल्या रांगेतला अंडीवाला दचकतो. ही नुसती बसून राहायची. गिऱ्हाईक आलं की हळूच विचारायची, "घरी किती माणसं?" दोन म्हटलं की ती दोन जुड्या मागणाऱ्याला एकच द्यायची. म्हणायची, "दुसरी वाया जाईल, परवा या, ताजी देते." मी फळीच्या अलीकडून ऐकत असायची आणि मनात म्हणायची, ही धंदा करतेय की प्रवचन?

संध्याकाळी एखादी जुडी उरली तर ती फळीवरून माझ्या बाजूला धरायची. "ताई, न्या ना घरी." मी म्हणायची, "आमच्याकडे पाला कुणी खात नाही गं." शुद्ध थाप होती. आमच्या ह्यांना मेथी जिवापाड आवडते. पण तिचं उरलेलं मी का म्हणून न्यायचं? असं दोनचार वर्षं चाललं, मग तिने विचारायचं सोडलं. आणि तिने विचारायचं सोडलं याचाही मला राग आला.

तरी पहिली पंधरा वर्षं मी सुखात होते, हे कबूल करायला हवं. माझ्यापुढे रांग असायची, तिच्यापुढे चारदोन माणसं. मी भाव खात होते. माझ्या रांगेतलं कुणी ताटकळत तिच्या जुड्यांकडे बघायला लागलं तर मी मोठ्या मनाने म्हणायची, "घ्या, घ्या, तिच्याकडूनही घ्या काहीतरी, बिचारी बसलीय केव्हाची." तो "बिचारी" मी जरा मोठ्याने म्हणत असे.

मग समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ती डॉक्टरीण आली.

साखरेची डॉक्टरीण. तरुण, केस कापलेले, बोलणं फटाफट. तिच्याकडे गेलेलं माणूस जिना उतरताना हातात एक छापील कागद घेऊन उतरायचं आणि रस्ता ओलांडून सरळ मंडईत शिरायचं. पहिल्यांदा एक चष्मेवाले गृहस्थ आले, माझा बटाटा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "यात कार्ब किती?" मला वाटलं कार्ब ही काहीतरी नवीन कीड आहे. मी म्हटलं, "एक नाही सापडायचा. सापडला तर गोणी परत घेईन." ते गृहस्थ बटाटा खाली ठेवून निघून गेले. फळीच्या पलीकडे गेले.

पुढे कळलं की कार्ब म्हणजे पीठ-साखर, जी पोटात गेल्यावर रक्तात चढते, आणि ती माझ्या बाजूला भरलेली आहे. बटाट्यात आहे, रताळ्यात आहे, सुरणात आहे. तिच्या बाजूला जवळजवळ नाहीच. झालं! बघता बघता सगळी मंडई शहाणी झाली. ज्याला त्याला साखर, नाहीतर ज्याला त्याला पोट कमी करायचंय. दर आठवड्याला माझ्याकडून पाच किलो बटाटे नेणारी एक शिक्षिका होती, पंधरा वर्षांची ओळख. तिला चार मुलगे, चारही बटाट्यावर वाढलेले. ती आली, माझ्याकडे बघून ओशाळं हसली आणि पलीकडे जाऊन दोन फ्लॉवर घेऊन गेली. फ्लॉवर किसून भातासारखा शिजवायचा म्हणे! माझ्या बटाट्याकडे तर तिने असं बघितलं, जसं काही तो दारू पिऊन आलाय.

महिन्याभरात रांग फळीच्या पलीकडे वळली. लांबलचक रांग, आणि तिचं शेपूट माझ्या ओट्यासमोर. म्हणजे माणसं माझ्यापुढे उभी, पाठ माझ्याकडे, तोंड तिच्याकडे. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. मी आवाज दुप्पट केला. त्याने एवढंच झालं की माणसं वळून बघायची आणि पुन्हा पाठ फिरवायची.

एक दिवस तिने पुठ्ठ्याचं खोकं फाडलं, त्यावर जाड पेनाने बरंच काही लिहिलं आणि तो पुठ्ठा तारेने छपराच्या खांबाला लटकवला. तोंड रस्त्याकडे. मला माझ्या जागेवरून त्याची तपकिरी पाठ तेवढी दिसायची. येणारंजाणारं माणूस थांबून वाचायचं, कुणी फोनमध्ये फोटो काढायचं. वाचायचं असेल तर मला ओट्यावरून उतरून, वळसा घालून गिऱ्हाइकांच्या रांगेत जाऊन उभं राहावं लागलं असतं. मेले असते तरी गेले नसते. शेजारची लिंबूवाली मावशी एकदा म्हणाली, "अगं, वाच तरी, चांगलं लिहिलंय तिने." मी म्हटलं, "मला वाचता येत नाही." मावशी म्हणाली, "येतं की." मी म्हटलं, "आजपासून नाही येत."

एवढ्या पडत्या काळात माझा एक मुळा तेवढा तरला. उलट वाढला. पूर्वी चार जुड्या खपायला दिवस लागायचा, आता दहा दुपारपर्यंत संपायच्या, आणि सलगमालाही गिऱ्हाईक मिळायला लागलं. मी आमच्या ह्यांना ऐटीत सांगायची, "आवाज लागतो, आवाज! मुळा काही आपोआप खपत नाही." आमचे हे म्हणजे कमी बोलणारं माणूस. पहाटेच्या लिलावाला जाऊन गोण्या उचलायच्या आणि संध्याकाळी जेवून झोपायचं. ते म्हणाले, "बरं."

असं तिसरं वर्ष चालू असताना माझ्या उजव्या पायाचं बोट चपलेने सोललं. अंगठ्याशेजारचं. मी लक्ष दिलं नाही. तीन आठवडे झाले तरी ते भरेना, वर काळंनिळं दिसायला लागलं. शेवटी डोक्यावरून रुमाल घेतला आणि मागच्या जिन्याने त्याच डॉक्टरणीकडे गेले. दुसरी डॉक्टर जवळपास नाही, नाहीतर हिचं तोंड बघितलं नसतं.

तिने बोट बघितलं, रक्त काढलं, यंत्रावरचा आकडा बघितला. उपाशीपोटी दोनशे चाळीस.

"साखर आहे तुम्हाला, मावशी. बरीच आहे."

"मला? मी गोड खातच नाही."

"मग काय खाता?"

"बटाटा," मी ताठ मानेने सांगितलं.

"दिवसातून किती वेळा?"

"जितक्या वेळा जेवते तितक्या वेळा."

तिने एक गोळी लिहिली आणि तो छापील कागद माझ्या हातात दिला. म्हणाली, जखम भरायची असेल तर साखर उतरली पाहिजे, साखर उतरायची असेल तर ताट बदललं पाहिजे, दोन महिन्यांनी या. मी कागद घेतला आणि जिना उतरता उतरता विचार केला, हा कागद हातात घेऊन मी मंडईत शिरले आणि कुणी बघितलं तर? बटाटेवालीलाच बटाटा बंद! तिची रांग कशी हसेल, आणि ती स्वतः हसणार नाही ते आणखी वाईट. जिन्याखाली कचऱ्याचा डबा होता. टाकला त्यात.

कागद टाकला तरी काळजी नव्हती, कारण दारातल्या नर्सने मला मख्खी सांगितली होती. "सोपं लक्षात ठेवा, मावशी. जमिनीवरचं खायचं, जमिनीखालचं नाही." म्हटलं, हे मला शिकवता? आमच्या घराची वाटणीच तशी झालेली आहे. जे माझ्या बाजूचं ते बंद, जे तिच्या बाजूचं ते चालू. एवढं सरळ. सरळ आणि किती वाईट! अठरा वर्षं जिच्या ओट्याकडे मी नाक मुरडून बघितलं, त्याच ओट्यावरचं मी आता खायचं आणि जगायचं.

तिच्याकडून घेणं शक्यच नव्हतं. सोमवारी मंडई बंद असते. त्या दिवशी मी बस धरून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बाजारात गेले. भाजी विकणारी बाई भाजी विकत घ्यायला दीड तास बसमध्ये बसून गेली! तिथला भाजीवाला मला आजी म्हणाला. मी पन्नाशीची आहे. वर त्याने मला जून मटार लावले. शेंगेला नुसतं बोट लावून मला कळलं की हे परवाचे आहेत, पण बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर त्याने विचारलं असतं, एवढं कळतं तर करता काय? तसलेच घेऊन पिशवी भरून आणली.

काय आणायचं हे मीच ठरवलं. पालक-मेथी नको, कारण पाला दिसला की मला तिची लांब बोटं दिसायची. कोबीत काही चव नाही. तिच्या बाजूचं मनापासून आवडण्यासारखं तीनच, मटार, मक्याची कणसं आणि लाल भोपळा. सगळं जमिनीच्या वर लागतं, सासऱ्यांच्या फळीच्या पलीकडचं. मग काय, दर सोमवारी तेच. सकाळी उकडलेलं कणीस, दुपारी वाडगाभर मटार, रात्री भोपळा. बटाट्याला मी हात लावला नाही, शपथेवर सांगते. एवढा त्याग मी कुणासाठीही केला नव्हता. आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "आपल्याकडे मटार कधीपासून?" मी म्हटलं, "मिळाले." ते म्हणाले, "बरं."

दोन महिन्यांनी मी तरातरा जिना चढून गेले. मनात होतं, डॉक्टरीण पाठ थोपटणार. आकडा निघाला दोनशे सत्तर. बोट आणखी काळं. तिने टाचणीने टोचलं तर मला कळलंच नाही. तिचा चेहरा उतरला.

"मावशी, पंधरा दिवस देते. साखर उतरली नाही आणि हे असंच राहिलं तर बोट काढावं लागेल. बोटावर थांबलं तर नशीब म्हणायचं."

त्या पायावर भार देऊन मी पन्नास किलोची गोणी ओट्यावर चढवते. बोट गेलं, मग पाऊल गेलं, की मी घरी बसणार. आणि मी घरी बसले की त्या फळीचं काय? दोन्ही बाजू तिच्या. खरं सांगते, बोटाच्या आधी मला हेच सुचलं.

"गोळी घेते रोज," मी म्हटलं. "आणि खाते फक्त जमिनीवरचं."

"जमिनीवरचं म्हणजे काय काय?"

"मटार. मका. लाल भोपळा. कधी उपाशी राहिले नाही, पोटभर खाल्लं."

तिने पेन खाली ठेवलं. "यादी वाचली नाही तुम्ही?"

"हरवली."

"माझ्याकडच्या संपल्यात, छापायला दिल्यात. असं करा, आत्ताच समोरच्या मंडईत जा. तिसऱ्या रांगेत, नळाजवळ एक बाई बसतात. त्यांनी पुठ्ठ्यावर सगळं लिहून लावलंय. माझ्या कागदापेक्षा चांगलं लिहिलंय खरं तर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पायाकडे बघून जिना उतरले.

मंडईत आले. आमच्या ओट्यासमोर नेहमीची रांग होती. माझ्या बाजूला लिंबूवाली मावशी लक्ष ठेवून बसली होती. मी मान खाली घालून पुठ्ठ्यासमोर जाऊन उभी राहिले. अठरा वर्षांत आमचा गाळा मी समोरून कधी असा बघितलाच नव्हता. माझे बटाटे समोरून जरा मळकट दिसत होते, हे लक्षात आलं. मग वर बघून वाचायला लागले. अक्षर मोत्यासारखं, मेलं.

"साखर असणाऱ्यांनी रोज खावं: पालक, मेथी, कोबी, फ्लॉवर, दुधी, काकडी, भेंडी, वांगी, घेवडा, ढोबळी मिरची. बेताने: टोमॅटो, कांदा, गाजर. शक्यतो नको: बटाटा, रताळं, सुरण.

जमिनीवर लागतात म्हणून फसू नका: मटार आणि मका. यांत पीठ आणि साखर बरीच. लाल भोपळाही चमचा-दोन चमचेच. हे तिन्ही माझ्याकडे आहेत, पण साखर असेल तर मागू नका.

जमिनीखालचे असून चालतात: मुळा आणि सलगम. फळीच्या पलीकडे, माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे मिळतील. त्यांच्याइतका ताजा मुळा या मंडईत कुणाकडे नाही."

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही, संताप आला. म्हणजे माझी मुळ्याची गिऱ्हाइकंसुद्धा हिनेच पाठवलेली! माझ्या आवाजाचं काहीच नाही त्यात! घसा मी फोडायचा आणि मुळा हिने विकायचा. आणि मला सांगितलं नाही, एका शब्दाने नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मटारावर अडकले. दोन महिने बसचे धक्के खाऊन, जून मटार चावून मी माझं बोट स्वतःच्या हाताने काळं केलं होतं. आणि हे सगळं माझ्यापासून दोन हातांवर लिहून टांगलेलं होतं. मी त्याची पाठ बघत बसले होते.

रांग पुढे सरकली. मी उभीच होते म्हणून मीही सरकले. समोर धाकटी.

"ताई? तुम्ही इकडून? काही सांडलं का?"

"नाही."

"मग?"

मागची बाई पिशवी वाजवत होती. मी म्हटलं, "मला साखर झालीय."

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "कधी?"

"दोन महिने झाले कळून. पायाचं बोट काढायला सांगतायत. पंधरा दिवस आहेत."

"दोन महिने? आणि तुम्ही खाताय काय?"

"मटार."

"माझ्याकडून तर एक शेंग नेली नाहीत! कुठून आणता?"

मी त्या बाजाराचं नाव सांगितलं. रांगेतलं कुणीतरी हसलं. धाकटीच्या तोंडावर असा रंग चढला जो मी कधी बघितला नव्हता. आणि मग ती ओरडली. धाकटी! पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी.

"मी इथे मेले होते का? दोन हातांवर बसलेय मी! परक्याला सांगते मटार खाऊ नका, आणि माझ्या घरातलं माणूस दीड तास बसने जाऊन मटार आणतंय? का? माझ्याकडचं घ्यायला काय झालं होतं?"

"जळते मी तुझ्यावर," मी म्हटलं. एवढी माणसं उभी होती, पण निघून गेलं तोंडातून. "तुझी ही रांग मला बघवत नाही. बस?"

मला वाटलं ती रडेल. ती हसली. हसत हसत ओट्याला हात टेकून उभी राहिली.

"आणि मी काय करत होते असं वाटतं तुम्हाला? अठरा वर्षं? तुमचा बटाटा आठ दिवस गोणीत झोपतो, ताई. माझ्या मालाने संध्याकाळी मान टाकली की मी रोज तोटा मोजत बसायची. ताप असला तरी मी यायची, कारण माझा माल उद्यापर्यंत थांबत नाही. मुलीच्या शाळेचा एक कार्यक्रम मला बघता आला नाही. तुम्ही मात्र गोणीवर पोतं टाकून निघून जायच्या, लग्नाला, माहेरी, कुठेही. बाबांनी फळी ठोकली त्या दिवशी तुम्ही आठ्या घातल्यात, आणि मला वाटलं, एवढं चांगलं मिळूनही हिला कमीच वाटतंय! तुमच्या त्या बटाट्यांकडे बघून मी किती जळले असेन, मोजदाद नाही."

मला काय वाटलं सांगू? मला अतोनात बरं वाटलं. माझ्यावर कुणीतरी जळत होतं! तेही अठरा वर्षं, रोज, फळीच्या पलीकडून. हे मला आधी कळलं असतं तर माझं निम्मं दुखणं झालंच नसतं. मी एकदम हसायला लागले आणि मग रडायलाही, आणि मागची बाई म्हणाली, "अहो, तुमचं झालं असेल तर मला दोन कोबी द्या."

"थांबा," धाकटी तिला म्हणाली. "आधी ताईंचं."

तिने माझी पिशवी ओढून घेतली आणि मला न विचारता भरायला लागली. पालक, मेथी, दुधी, घेवडा, एक घट्ट पांढरा फ्लॉवर. फ्लॉवर कसा किसायचा, दुधी कसा शिजवायचा, गोळीच्या वेळेला काय खायचं, सगळं त्याच दमात. भात एक लहान वाटी, त्याहून जास्त दिसला तर मी भाऊजींना सांगेन, अशी धमकी. मी सवयीने मटाराच्या ढिगाकडे हात नेला तर तिने हातावर चापट मारली. सगळी रांग हसली. मीही.

आता तो पंधरा दिवसांचा हिशोब. रोज संध्याकाळी ती माझी पिशवी भरत होती, आणि तिच्या भाजीला मी रोज काहीतरी नाव ठेवत होते, कारण सवय एकदम जात नाही. आमचे हे मेथी बघून म्हणाले, "अरे वा." एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून बऱ्याच वर्षांनी ऐकलं. सोळाव्या दिवशी आकडा एकशे छप्पन्न निघाला. डॉक्टरणीने बोट दाबलं तर मी किंचाळले, आणि ती म्हणाली, "छान, दुखतंय म्हणजे जिवंत आहे." बोट राहिलं. नख वाकडं आलंय, पण राहिलं.

त्याच दुपारी मी ओट्यावर बसले होते. पलीकडे रांग होतीच, आणि मला ती अजूनही खुपत होती, खोटं कशाला बोलू. एक म्हातारा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला पट्टी. हातात छापील कागद, पण चष्मा नसावा, कारण तो कागद लांब धरून डोळे बारीक करत होता.

"दोन किलो बटाटे द्या," तो म्हणाला. सकाळपासूनचं ते माझं तिसरंच गिऱ्हाईक होतं.

मी तराजूत बटाटे टाकले. मग त्याच्या पायाकडे बघितलं. मग बटाटे परत गोणीत टाकले.

"तुम्हाला बटाटा नाही चालायचा, बाबा. मुळा देते दोन जुड्या, आणि बाकीचं पलीकडे घ्या. माझ्या जावेकडे. ती सांगेल काय खायचं ते."

सांगताना पोटात दुखलं. चांगलंच दुखलं. म्हातारा माझे आभार मानून लंगडत पलीकडे गेला आणि रांगेत उभा राहिला. मी कांदे निवडायला घेतले. त्याची पाळी आली तेव्हा मात्र फळीवरून वाकून बघितलं, तिने त्याला मटार तर दिले नाहीत ना.